देवाच्या पायरीवरच्या कुबड्या

पळसदेवात एक म्हातारी राहायची, तिचा एक लेक दत्ता, एक सून सुनंदा. म्हातारी म्हणजे मीच. दत्ताचा खुबा बारामतीत बदलला, तेव्हा दवाखान्याच्या बाकड्यावर बसून बसून एवढे किस्से साठले, की आता चार बाया जमल्या की मलाच पुढं बसवतात.

*

दत्ताला जेमतेम चाळिशी. लोणी देवकरच्या कंपनीत दिवसभर उभ्यानं काम. डॉक्टरांनी नवा खुबा दाखवला. त्याचा हाडात बसणारा दांडा बोटाएवढा! शेजारच्या खाटेवरच्या कोऱ्हाळ्याच्या तात्यांचाही खुबा बदलायचा होता. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एवढा आखूड दांडा आमी खुरप्यालासुदिक बसवत न्हाय."

डॉक्टर हसले. आखूड दांड्यानं हाड शिल्लक राहतं, पुढं कधी गरज पडली तर कामी येतं, असं समजावलं. पण हाडानं दांडा धरेपर्यंत, दीड महिना, कुबड्या सोडायच्या नाहीत, अशी ताकीद दिली.

*

खाली बसायचं नाही, हे डॉक्टरांचं सांगणं तात्यांनी फारच मनावर घेतलं. मोडका हात तारेनं बांधलेली लाल प्लास्टिकची खुर्ची घेऊनच गावात फिरायचे. एका दहाव्याला सगळे सतरंजीवर, हे एकटे वर. बाहेरगावचे पाहुणे ओळीनं यांच्याच पाया पडले. तात्या म्हणाले, "मला वाटलं, दहावा माझाच हाय."

*

चूक मात्र माझी. दत्ता चालला की कुबड्या जुन्या देवळाच्या पायरीवर वाहीन, असं मी महादेवाला बोलले होते. ते देऊळ उजनी धरणाचं पाणी उतरलं तरच दिसतं. ऑपरेशनला चौथा आठवडा लागला आणि पाणी चढायच्या बेतात आलं. सुनंदा थांबा म्हणत होती. मी म्हणाले, "पानी थांबतंय व्हय?"

दत्ता गाळातून कुबड्यांवर गेला, त्या पायरीजवळच्या खांबाला बांधल्या आणि रिकाम्या हातानं परत आला. आठ दिवसांत देऊळ बुडालं.

*

ऑपरेशनला दीड महिना झाल्यावर हाडाचा फोटो काढला. डॉक्टरांनी जुना-नवा शेजारी लावला. दांडा खाली सरकला होता. आणखी सरकला तर पुन्हा ऑपरेशन. घरी काय केलं, असं त्यांनी विचारलं. दत्ता म्हणाला, काही नाही. कारण कळल्याशिवाय पुढचं ठरवता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी सगळं सांगितलं.

ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "आजी, कुबड्या आहेत कुठं?"

"पान्याखाली."

*

डॉक्टरांनी पुन्हा कुबड्या धरायला सांगितलं, तेव्हा तात्यांनी आपल्या कुबड्या धाडल्या, सोबत निरोप, "ह्या देवाला दाखवू नगा."

तीन महिने दत्ताचं पाऊल वाजलं की मी कुबडी वाजते का ते ऐकायचे. मग पुन्हा फोटो. डॉक्टर पट्टी लावून कितीतरी वेळ मोजत होते.

"तिथल्या तिथं आहे. हाडानं धरलाय."

महिन्याभरात दत्ता कंपनीत रुजू झाला.

*

यंदा पाणी उतरलं. दत्ता पुढं, मी मागं. आता तो लंगडत नाही. खांबाला कुबड्या होत्या, गाळानं माखलेल्या. आणि पायरीवर, तारेनं हात बांधलेली लाल खुर्ची.