हळदीची थप्पी आणि भट्टीतलं कोंबडं

आमच्या घरात भट्टी आली ती हौसेनं नाही, भीतीनं आली. लोक ओव्हन घेतात ते केकसाठी, पिझ्झासाठी. आम्ही घेतला तो जमीन हलते म्हणून.

हसू नका. वसमत आणि औंढ्याच्या मधल्या पट्ट्यात ज्यांची घरं आहेत त्यांना विचारा. काही वर्षांपासून आमच्या पायाखालून आवाज येतो. आधी गुडगुड होते, लांब कुठं तरी कुणी दगडांची ट्रॉली रिकामी करावी तशी. मग एक झटका, मांडणीवरच्या भांड्यांचा खणखणाट, आणि सगळं शांत. कधी महिना महिना काही नाही, तर कधी एकाच दिवशी दोनदा. साहेब लोक येऊन गेले, यंत्र ठेवून गेले. पत्र्यावरचे दगड काढा म्हणाले. घाबरू नका, पण सावध राहा म्हणाले. आता न घाबरता सावध कसं राहायचं, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

मी वसमतच्या एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. सकाळची एसटी धरायची, संध्याकाळच्या एसटीनं परत यायचं. घरी शेती बघणारा नवरा, तिसरीतली पोरगी आणि सासू. सासूला मी आत्या म्हणते. तर एका संध्याकाळी गॅसवर कोंबडीचा रस्सा उकळत होता, पोरगी शेजारी उभी राहून "झालं का, झालं का" करत होती, आणि गुडगुड झाली. झटक्यानं कढई कलंडली. लालभडक तर्री ओट्यावरून खाली आली, पोरीच्या पायापासून वीतभर अंतरावर. पोरीला काही झालं नाही. मलाच झालं. त्या दिवसापासून गॅसवर काही उकळायला ठेवलं की मी पोरीला आधी अंगणात घालवायचे. शेवटी नवरा नांदेडला गेला आणि ही भट्टी घेऊन आला. "हे घे," म्हणाला, "आत ठेव, दार लाव आन् खुशाल बाहीर पळ."

खरं सांगते, दमून आलेल्या बाईला याच्यासारखं सोपं जेवण नाही. सकाळी एसटीच्या आधी कोंबडीच्या तंगड्यांना चिरे द्यायचे. दही, मीठ, लसूण-आलं, घरची हळद, चमचाभर काळा मसाला आणि लिंबू. सगळं चोळून डबा फ्रिजमध्ये ठेवायचा. संध्याकाळी आल्या आल्या, चप्पल काढायच्या आधी भट्टी लावायची. ट्रेमध्ये बटाट्याच्या फोडी आणि कांदे पसरायचे, वर तंगड्या मांडायच्या, वरून तेल सोडायचं आणि दार बंद. तोवर माझी आंघोळ होते, पोरीचा अभ्यास होतो. खाली बटाटे कोंबडीच्या रसात शिजतात, वरचं कातडं खरपूस होतं. भाकरी आत्यानं दुपारीच थापलेल्या असतात. सोमवार नागनाथाचा, गुरुवार आणि शनिवार पाळायचे. म्हणून बुधवार-शुक्रवार हा आमचा भट्टीचा वार.

आत्याला हे जेवण कधीच पटलं नाही. "रस्सा न्हाई, तर्री न्हाई, हे कसलं कोंबडं? आजाऱ्याचं जेवण हाय हे." पण भट्टी तिला पटली. तिचे गुडघे पार गेलेले. थंडीत तर उठताना भिंत धरूनच उठायची. भट्टी चालू झाली की खुर्ची ओढून ती तिच्याजवळ बसायची, लुगडं जरा वर करून गुडघे शेकत, काचेतून आतल्या तंगड्यांवर नजर ठेवत. "हलली की सांगते," म्हणायची. मेलेली कोंबडी कुठं हलते, असं पोरगी विचारायची, आणि दोघी खदाखदा हसायच्या.

आता त्या थप्पीबद्दल सांगते, कारण माझा जीव तिच्यातच अडकलेला होता.

आमच्याकडं हळद विकायच्या आधी घरात ठेवतात. उकडून, वाळवून, पॉलिश करून पोत्यात भरायची आणि भाव येईस्तोवर थांबायचं. बाहेर ठेवली तर ओल धरते, म्हणून घरातली कोरडी जागा बघायची. आमच्या घरात सगळ्यात कोरडी खोली म्हणजे स्वयंपाकघर. लांबट खोली, एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला भट्टी आणि आत्याची खुर्ची. मधल्या भिंतीला नवऱ्यानं हळदीची पोती एकावर एक रचली, पार आढ्याला टेकेपर्यंत. गावात घरोघरी असंच असतं. जमीन हलते हे माहीत, पोतं किती वजनाचं ते माहीत, तरी सगळ्यांच्या थप्प्या तशाच उभ्या. हळद काय दारात टाकायची?

दर झटक्याला ती थप्पी थोडी थोडी पुढं येत होती. मी बघत होते. आधी भिंतीत आणि पोत्यात बोट जात नव्हतं, मग बोट जायला लागलं, मग मूठ. मी नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "खालून बसलीय ती बराबर. तुला सगळीकडं मरणच दिसून राहिलं." मी म्हणाले, "दिसणारच. तुमची आई तिथं बसते ना!" तो चिडला, मी चिडले, दोन दिवस अबोला. शेवटी त्यानं एक बांबू आडवा टेकवला. बांबू! क्विंटलच्या क्विंटल हळदीला बांबू!

आणि आत्या पळत नव्हती, हे त्याहून वाईट होतं. पहिल्या पहिल्यांदा नवरा तिला उचलायला धावायचा. पण तिला खुर्चीतून उठवेस्तोवर झटका येऊन जायचा, आणि तीच ओरडायची, "अरे, मला कशाला धरून बसलास, लेकराला बघ आधी! म्या कुठं पळू? माझ्या गुडघ्यात जीव न्हाई." मग हळूहळू तसंच अंगवळणी पडलं. गुडगुड झाली की मी मेन स्विच बंद करायचा, पोरीचा हात धरायचा, अंगणात. नवरा गोठ्याकडून अंगणात. आत्या आत. सगळं शांत झालं की आम्ही दारातून हाक मारायचो, "आत्या, ठीक ना?" आतून यायचं, "हाय, हाय. या आता, तुमचं कोंबडं गार होऊन राहिलं." आम्ही हसत आत जायचो. लाज वाटायला हवी होती, पण सवयीत लाज विरून जाते.

मग थंडीतच पोरीच्या शाळेत कुणी तरी भूकंपाची तालीम घेतली. डोक्यावर दप्तर कसं धरायचं, रांगेनं बाहेर कसं यायचं. जेवताना पोरगी तंगडी हातात धरून म्हणाली, "सरांनी सांगितलं, कुणालाच मागं सोडून यायचं न्हाई. मग आपुन आजीला काहून सोडतो?"

नवरा पाणी प्यायला उठला. आत्याच म्हणाली, "मी भट्टी राखते ना, म्हणून." पण पोरीचं समाधान झालेलं नव्हतं, हे मला तिच्या तोंडावरून दिसत होतं. त्यानंतर भट्टी लावली की पोरगी वही घेऊन आजीच्या पायाशी येऊन बसायची. मी म्हणायचे, बाहेर ओसरीत बस. ती म्हणायची, इथं ऊब लागते. एक जीव त्या थप्पीखाली होता, आता दोन झाले.

तो शुक्रवार होता. ट्रे आत ठेवला होता, लसणाचा वास नुकता सुटला होता. मी ओसरीत कपड्यांच्या घड्या घालत होते. आणि गुडगुड सुरू झाली. नेहमीसारखी थांबेना. वाढतच गेली.

"चला गं!" मी ओरडले आणि स्वयंपाकघराच्या दारात आले. पोरगी आजीच्या पायांना दोन्ही हातांनी मिठी मारून बसलेली.

"आजी येईल तर मी येईन."

"अगं ऊठ!"

"न्हाई. आजीला घेऊन चल."

वर भांडी थरथरायला लागली होती. मी आत पाऊल टाकलं, तेवढ्यात आत्यानं हात उगारला आणि पोरीच्या गालफडात सणसणीत ठेवून दिली. जिनं आयुष्यात त्या लेकराला बोट लावलं नव्हतं तिनं. "निघ इथून! निघ म्हणते ना! डोळ्यापुढून चालती हो!"

पोरगी सुन्न झाली, मग हंबरडा फोडून दाराकडं धावली. मी तिला दंडाला धरून ओढलं, मेन स्विच पाडला आणि अंगणात आले. आणि झटका आला. असा झटका त्याच्या आधी कधी आला नव्हता. मी खाली बसले. आतून धप् आवाज आला, मग धपधप धपधप, किती तरी वेळ.

नवरा "माय!" करत आत धावला आणि तसाच उभा राहिला. स्वयंपाकघराचं दार पोत्यांनी भरून गेलं होतं. फुटलेल्या पोत्यातून हळकुंडं ओसरीभर सांडलेली, आणि त्या अंधारात हळदीची धूळ नाकातोंडात जात होती.

"माय! ए माय! बोल ना!"

"आत्या! आत्या, ऐकू येतंय का?"

आतून काही नाही. शेजारचे धावत आले, मोबाइलचे उजेड आले. सगळ्यांनी हाका मारल्या. कुणी मावशी म्हणून, कुणी काकू म्हणून. आतून उं नाही की चूं नाही. नवरा पोती ओढत होता आणि लहान पोरासारखा रडत होता. मी पोरीकडं पळाले. ती अंगणातल्या बाजेवर पाठ करून बसली होती, एक हात गालावर.

"बाळा, आजीला हाक मार गं. तुझा आवाज ती ऐकेल."

तिनं मान हलवली. "न्हाई मारणार. तिनं मला मारलं."

मी परत आत गेले आणि पोत्याला हात घातला. माझ्या मनात एकच चाललं होतं, की हे मला माहीत होतं, आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

दारातली वरची पोती निघाली तसा एकानं आत उजेड मारला. थप्पी खुर्चीकडं पडलीच नव्हती. तिरपी होऊन दाराकडं पडली होती, आम्ही दर वेळी जिथनं पळायचो नेमकी तिथं. भट्टी जागेवर, खुर्ची जागेवर. खुर्चीत आत्या नव्हती.

ती पोत्यांच्या पलीकडं होती, जमिनीवर. ज्या गुडघ्यांवर तिला उभं राहता येत नव्हतं त्या गुडघ्यांवर रांगत ती तिथवर आली होती आणि आतल्या बाजूनं पोती ओढत होती. सुतळीनं बोटं फाटलेली, हात हळदीनं आणि रक्तानं माखलेले. तोंडातल्या तोंडात काही तरी चाललं होतं. आमच्याकडं, उजेडाकडं तिचं लक्षच नव्हतं.

नवरा पोत्यांवरून आत गेला, तिला धरलं. "माय, मी आलो ना. लागलं का तुला? बोलत काहून नव्हतीस?"

तिनं त्याचा हात झटकला. "मला सोड. तिला काढ आधी. ती ह्याच्याखाली हाय. म्या मारलं म्हणून पळाली ती. दारातच गावली रे. सगळ्यांचे आवाज आले, तिचाच न्हाई आला."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की आमच्या इतक्या हाकांना ती का बोलली नाही. मी उलटी फिरले. अंगणातून पोरीला कमरेवर उचललं, एवढी मोठी पोरगी, आणि पोत्यांवरून आत आणून तिच्यापुढं उभी केली. कुणी तरी उजेड पोरीच्या तोंडावर धरला. गालावर चारी बोटं उमटलेली होती, लालबुंद.

आत्या बघतच राहिली. मग तिनं तो हळदीचा हात पुढं केला. पोरीनं तोंड फिरवलं.

"मी न्हाई बोलणार तुझ्याशी," पोरगी म्हणाली.

"नको बोलू," आत्या म्हणाली. "जलमभर नको बोलू, माझे माय. तू हायेस ना, बस."