गिरणीतला पंखा

मार्केट यार्डाजवळ आमची पिठाची गिरणी होती, म्हणजे आम्ही दळण टाकायचो ती. तिथल्या काकांचं नाव मी कधी विचारलं नाही. नातवंडांना खरं वाटत नाही, पण मी तेव्हा कंपनीत कॉम्प्युटरवर बसायचे. मान जरा ताठच असायची.

काकांच्या भुवया पिठाने पांढऱ्या, आणि दर वाक्याला खोकला. उडणारं पीठ ओढून घ्यायला त्यांनी बुधवार पेठेतून जुना पंखा आणून जात्याच्या तोंडाशी बसवला होता आणि त्याला मांजरपाटाची लांब पिशवी बांधली होती. पीठ गळू नये म्हणून पिशवीची शिवण ते सारखी उसवून बदलत. पंखा चालू असला की काका सलग चार वाक्यं बोलत.

माझं लक्ष मात्र माझ्या डब्यावर! "अहो, तुमचा पंखा माझं पीठ खातोय."

"वहिनी, पिशवी झटकून डब्यात घालतो की."

"नको! त्यात दुसऱ्यांची ज्वारी असेल."

ते हसले. "बरं, तुमच्या दळणाला बंद ठेवतो. पीठ कुठंतरी जाणारच हाय. पिशवीत नाही तर छातीत."

मला तो विनोद वाटला. माझं बघून इतर बायकाही पंखा बंद करायला लावू लागल्या. वर्षभरात काकांना गिरणीची पायरी चढवेना. एकदा बाहेरच धापा टाकत बसलेले दिसले. हुशार बाई मी! थांबून त्यांना आल्याचा रस मधातून घ्यायला सांगितला, आणि एका माणसाचं भलं केलं म्हणून खुशीत घरी आले.