चेमटलेली जीप घ्या, बाई

इथी ये, जवळ बस. मायेच्या घरी येऊन पाहुणीसारखी दाराशी काऊन बसतेस? तुले त्या जीपवाल्याची गोष्ट सांगते.

मासेमारीचा लाकडी डोंगा वाहून वाहून तुझ्या बापाचा खांदा कामातून गेला होता. तळं आटू लागलं की डोंगा वैनगंगेवर न्यावाच लागे, नाही तर मासे बंद अन् चूलही बंद. म्हणून जुनी जीप घ्यायचं ठरलं. चंद्रपूरचा एक माणूस दोन जीपा, एक नव्या रंगाची अन् तिच्यामागं बांधलेली एक पत्रा चेपून चेमटलेली, दाखवायला तळ्यावरच घेऊन आला. कानावर बिडी, पण जीपजवळ त्यानं ती कधी पेटवली नाही. म्हशीची पाठ कुरवाळावी तसा बॉनेटवर हात फिरवे.

तुझ्या बापाचं मन नव्या रंगाच्या जीपवर बसलं. उन्हानं तडकू नये म्हणून डोंगा आम्ही पाण्यात बुडवून ठेवायचो. जीपची ताकद पाहायला तो काढून तिच्यामागं जोडलेल्या गाड्यावर बांधला. भिजलेला डोंगा म्हणजे दगडच! रंगीत जीपची चाकं चिखलात नुसती फिरली. तो माणूस चपला काढून स्वतः ढकलायला उतरला अन् चिखलानं माखून हसत म्हणाला, "बाई, हे वरातीतच शोभते. तुम्ही ते चेमटलेली घ्या."

"आपलाच माल काऊन पाडून बोलता, भाऊ?"

"मी तं जीप इकून, पैसे घेऊन घरी जाईन. ओढायचं तं तुमालेच हाये."

चेमटलेली जीप गुरगुरत डोंगा घेऊन वर चढली. तुझा बाप मागून रिकाम्या खांद्यानं चालला; हातांचं काय करावं त्याले समजेना.

नाव विचारायचं राहूनच गेलं. रंगीत जीप वळली तशी मी ओरडले, "भाऊ, घरच्या बाईले घेऊन लवकर या बरं, मासोळी रांधते!"