दोन सुताची सळई

ती घटना आठवली की आधी मला होकायंत्राची सुई दिसते अन् मग त्या माणसाचे हात. आता निवृत्त झालोय, दुपारी जरा डोळा लागला की हमखास दिसतात.

तेव्हा मी नागपुरात, सक्करदऱ्याकडच्या ठाण्यात फौजदार होतो. कोयनेचा भूकंप होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. तिथल्या तलावापासून थोड्या अंतरावर एका शाळेची दुमजली इमारत उभी राहत होती. एके सकाळी तिचा ठेकेदार फिर्याद घेऊन आला. खांबातल्या उभ्या गजांना वेढे घालायची बारीक सळई, दोन सुताची म्हणजे पाव इंच जाडीची, साइटवरून गठ्ठ्यांनी गायब होत होती. चोरीचा गुन्हा दाखल केला, स्टेशन डायरीत नोंद घेतली अन् हवालदाराला कामाला लावलं.

दोन दिवसांत चौकीदारानं खबर दिली. "लोखंड बांधणाऱ्यांचा जमादार पाहा साहेब. सगळे जेवाले जातेत, हा एकटाच सळईपाशी राहते."

हा जमादार उमरेडच्या विणकर घरातला, पन्नाशीचा. घरचा माग बंद पडला तसा तो तारेच्या गाठी मारायला लागला होता. त्याला ठाण्यात आणलं. घरझडती घेतली, मोडका माग अन् चार भांडी. भंगारवाले पालथे घातले, तिथंही काही नाही.

"सळई विकली?"

"नाही जी."

"मग कुठे आहे?"

यावर मान खाली. विकली का विचारलं की नजरेला नजर देऊन नाही म्हणायचा, कुठे आहे विचारलं की मुका. खोटं बोलणारा माणूस फार बोलतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. हा तर बोलतच नव्हता. पण मी पडलो तापट. एक सणसणीत थोबाडीत ठेवून दिली. त्यानं गालालासुद्धा हात लावला नाही. त्या थपडेची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी घटनास्थळाचा नकाशा काढायला गेलो. हिवाळ्याची दुपार होती. तलावावर धुरकट ऊन, साइटवर सुट्टी, चिटपाखरू नाही. प्लास्टर न झालेल्या त्या उंच खांबांमधून हिंडताना आपण झोपेत चाललोय असं वाटत होतं. नकाशावर उत्तर दिशा दाखवावी लागते, म्हणून होकायंत्र जमादाराच्या टोळीनं बांधलेल्या एका खांबाच्या पायाशी ठेवलं. सुई गर्रकन फिरली. खांबात लोखंड, फिरणारच. पण पलीकडचे खांब दुसऱ्या टोळीनं बांधले होते, तिथं ती नुसती जराशी हलायची. मग मी या खांबापासून त्या खांबापाशी, उकिडवा बसत, सुईशी खेळत राहिलो. किती वेळ गेला कळलंच नाही.

"काय शोधून राहिले साहेब?" हवालदारानं विचारलं. "उत्तर दिशा हरवली काय?"

ठाण्यात येऊन जमादाराला एवढंच म्हटलं, "सळई खांबात आहे ना?"

त्यानं माझे पायच धरले. "साहेब, खांब फोडू नका जी!"

मग तो बोलायला लागला. कोयनेला तो मजुरीवर होता. भूकंपात पडलेल्या घरांचा ढिगारा त्यानं उपसला होता. "खांब मधात नाही तुटत जी. पायाशी अन् डोक्याशी तुटते. वेढे दूर दूर होते, त्याहिची टोकं उघडली अन् आतला माल सांडला, पोतं उसवल्यावानी. माहा भाऊ होता आत." म्हणून इथं काँक्रीटसाठी फळ्या ठोकायच्या आधी, दुपारी एकटा थांबून, प्रत्येक खांबाच्या पायाशी अन् डोक्याशी तो जादा वेढे बांधत होता, टोकं आत वळवून.

"ठेकेदाराला का नाही सांगितलंस?"

"सांगतलं. हासला. म्हणे, नागपुरात कुठचा भूकंप गा?"

"आणि मला? मार खाल्लास, पण बोलला नाहीस. काहून?"

"तुमी पंचनाम्यासाठी खांब फोडले असते. मले चोर म्हणा साहेब. खांब राहू द्या."



शाळेच्या इंजिनिअरला बोलावलं. त्यानं एका खांबाचं बोटभर कवच छिलायला सांगितलं; छिन्नी जमादारानंच धरली. इमारतीच्या नकाशात वीतभर अंतरावर असलेले वेढे इथं चार-चार बोटांवर निघाले. इंजिनिअरनं वेढ्यांवरून बोट फिरवलं. "हादरा जमिनीतून येतो," तो म्हणाला. "इथली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, म्हणून मी ती खोदून काढली. मुरूम थराथरानं भरला, पाणी मारून ठोकून घेतला. पायाची काळजी घेतली अन् खांबांकडे नेहमीसारखं पाहिलं. हादऱ्यात इमारत वाकली तरी चालेल, तुटता कामा नये. आतलं काँक्रीट हे दाट वेढेच धरून ठेवतात. याचं बरोबर आहे."

उरलेले खांबही असेच दाट वेढ्यांनी बांधायचं ठरलं. ठेकेदार कुरकुरला, पण गप्प बसला. पंचनाम्यात मी लिहिलं: मुद्देमाल मिळाला, जागेवर आहे, हलवता येत नाही. गैरसमजातून झालेली फिर्याद म्हणून कोर्टाकडे सी समरी पाठवली, म्हणजे प्रकरण बंद.

जमादार छिललेली जागा सिमेंटच्या मसाल्यानं भरून त्यावर ओलं गोणपाट गुंडाळत होता. मी विचारलं, "आणि इथं भूकंप कधी आलाच नाही तर?"

"तं चांगलंच आहे न जी," तो हसला. "पोरं शिकतीन."

गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो, एवढं पोलिसात शिकलो होतो. कोणासाठी लपवतो, हे विचारायला मी त्याच्यापासून शिकलो. माफी मात्र मागितली नाही. फौजदारानं मजुराची माफी मागायची पद्धत नव्हती, अन् ती पद्धत मोडायची माझी छाती झाली नाही.

आता फिरायला गेलो की त्या शाळेत डोकावतो. मधली सुट्टी असते, वरच्या मजल्यावर पोरांची धावपळ चालू असते. मी पायरीजवळच्या खांबाला हात लावून जरा वेळ उभा राहतो. ज्या हातानं जमादाराला मारलं होतं, तोच हात.