अप्पांचा अडणा निसटला नव्हता

जॅकचा स्क्रू, नवे आटे पाडून, एकशे दहा रुपये. पितळी बुश एक, तीस रुपये. दुसरा बुश जसाच्या तसा परत, खर्च नाही. लेथवाले श्री. चन्नप्पा मिस्त्री, म्हणजे आमचे अप्पा, यांची आणि माझी पहिली ओळख माझ्या वहीत अशी लिहिलेली आहे. आमच्या यांचे सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात मोटारींचे गॅरेज. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, म्हणून हिशेब माझ्याकडे. बुश दोन दिले असताना एकच का केला, असे मी विचारले. अप्पा म्हणाले, "दुसरा चांगला हाय की. चांगल्या वस्तूला लेथवर कशाला चढवायचं?" स्वतःच्या पैशाची काटकसर करणारे मी पुष्कळ पाहिले होते. दुसऱ्याच्या पैशाची करणारे अप्पाच पहिले.

तेव्हा ते कुंभारीहून सायकलने येत. घरची भाषा कानडी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला 'तंगी', म्हणजे धाकटी बहीण, म्हटले आणि पुढे कधी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. एकदा एक ट्रकवाले स्टिअरिंगचा मोडका रॉड घेऊन आले. "जोडून द्या, पंढरपूरपर्यंत गेलं की झालं," म्हणाले. अप्पांनी रॉड हातात घेतला आणि परत दिला. "मी जोडलेलं वाटेत तुटलं, तर सांगायला तुमी येणार न्हाई. दुसरंच कुणीतरी येईल." एवढेच बोलले. आपल्या हातच्या वस्तूने कुणाला इजा होऊ नये, हे त्यांचे व्रतच आहे. हे आधी सांगते, कारण पुढचे सगळे त्यावर आहे.

मोटारीचे चाक काढले की आतली ब्रेकची डिस्क मोकळी होते. मधला मोठा नट सोडवायला जोर लावला की ती गरकन फिरते. म्हणून मिस्त्री लोक डिस्कच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर खुपसून ती अडवतात. आमचे हेही तसेच करत. अप्पांनी ते एकदा पाहिले. "मालक, बोटं फुकट आली व्हय?" म्हणाले आणि निघून गेले. आठ दिवसांनी ते एक नवीनच अवजार घेऊन आले. चाकाच्या दोन बोल्टांवर बसणारी जाड पट्टी आणि तिला वाकवून जोडलेला लांब दांडा. दांडा जमिनीला टेकला की डिस्क तसूभर हलत नाही. दाराला लावतात तसा हा डिस्कचा अडणा. पुढे अप्पांनी असे आणखी करून गावातल्या इतर गॅरेजांनाही दिले. आमचा मात्र पहिला, आणि पैसे घेतले नाहीत. "तंगीला आगाऊ भाऊबीज," म्हणाले.

अडणा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. सगळी अवजारे धुऊन मांडली, हळदकुंकू वाहिले. अडणा नवा, आरशासारखा घासलेला. पूजेला लागलेली वस्तू, त्यातून भावाने दिलेली. ती ग्रीसमध्ये कशी घालायची, असे माझ्या मनाने घेतले. वापरला नाही तर झिजायचाही नाही, हाही विचार होता, खोटे कशाला बोलू? मी तो धुतलेल्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला. यांनी दोनदा मागितला. "ठेवलाय नीट. स्क्रू ड्रायव्हरनं होतंय की इतकी वर्षं," मी म्हणाले. हे हसले. "देव देव्हाऱ्यात, अडणा कपाटात. मग आमी काय प्रसादानं नट खोलायचे?" तिसऱ्यांदा त्यांनी मागितला नाही.

पुढच्या श्रावणात स्क्रू ड्रायव्हर निसटला. डिस्क फिरली आणि यांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली.

अप्पा दवाखान्यात धावत आले. हे गुंगीत होते. अप्पांनी हळूच विचारले, "तंगी, अडणा निसटला का गं?"

मी मान हलवली. हो म्हणून हलवली.

का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. कपाटातला अडणा तेवढा डोळ्यांपुढे होता. अप्पा बाहेरच्या बाकावर बसून राहिले. नंतर कळले की त्यांनी सगळ्या गॅरेजांतून आपले अडणे परत आणले आणि स्वतःच्या हाताने कापून टाकले. हे बरे झाल्यावर त्यांनी यांच्या पान्यांना जाड रबरी मुठी करून दिल्या, तीन बोटांत धरता याव्यात म्हणून. अडण्याचे नाव मात्र पुन्हा काढले नाही, आमचा परतही मागितला नाही.

मी यांना सगळे सांगितले आणि वर गळ घातली, की तुम्ही बोलू नका, मीच अप्पांना सांगेन. यांनी शब्द पाळला. मी पाळला नाही. दर सोमवारी सिद्धेश्वराला जाते, त्याला सांगून झाले आहे. देवाला सांगणे सोपे, तो कुठे उलट विचारतो? हे मला कधी लागेल असे बोलले नाहीत. फक्त खंडेनवमीच्या पूजेला तेव्हापासून बसत नाहीत.

आता अप्पांच्या पंचाहत्तरीच्या गौरव समितीचे लेख मागणारे पत्र आले, सोबत अप्पांनी केलेल्या अवजारांची यादी. तीत अडणा नाही. मी फोन करून विचारले. समितीचे गृहस्थ म्हणाले, "अप्पांनीच काढायला लावला. त्यानं एकाची बोटं गेली म्हणाले." पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाने माझे पाप स्वतःच्या नावावर लिहून ठेवले आहे आणि वर समितीला माझ्याकडूनच त्यांचा गौरव लिहून हवा आहे.

तेव्हा हाच माझा गौरवलेख. अप्पांचा अडणा निसटला नाही. तो लावलाच नव्हता. परवा मी फडके सोडले. यांनी काही न विचारता तो एका मोटारीला बसवला आणि अंगातला सगळा जोर लावून नट सोडवला. डिस्क हलली नाही. "बघ," एवढेच म्हणाले.

अप्पांना शंभरी लाभावी, गुडघ्यांनी साथ द्यावी आणि लेथपुढे उभे राहण्याचे बळ टिकावे, हे सिद्धेश्वराकडे मागणे आहे. समितीला विनंती की अडणा यादीत घालावा, आणि हा लेख छापण्याआधी अप्पांना वाचून दाखवावा. सोबत नमुन्यासाठी तो अडणाही पाठवत आहे. अप्पा तो पुन्हा करायला घेतील का, आणि ऐकून काय म्हणाले, ते उलट टपाली कळवावे. पाकीट तिकीट लावून जोडले आहे. रागाने बोलले तरी तसेच लिहावे. फक्त बोलताना मला तंगी म्हणाले की नाही, तेवढे लिहायला विसरू नये.