एका वर्षाने मोठी केलेली मुलगी

मोहाडीच्या तहसील कार्यालयासमोर, टिनाच्या छपराखाली टेबल टाकून मी गेली बावीस वर्षे अर्ज लिहितो. शिक्षण नववी अनुत्तीर्ण. तथापि पदवीधर माणसेही माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून विचारतात, "काका, इथं काय लिहा लागते जी?" हे नमूद करण्याचे कारण एवढेच की, पुढील हकिकतीत जी चूक आहे ती अडाणी माणसाची नव्हे.

माझी एकुलती कन्या आठव्या वर्गात आहे. गेले वर्षभर ती रोज सकाळी अंगणातल्या लोखंडी पाइपाला दोन्ही हातांनी लोंबकळते. एकदा मी कारण विचारले.

"उंची वाढते म्हणते, बाबा. वर्गातल्या साऱ्या पोरी वाढल्या, मीच रायलो."

मी हसलो, पण हातातला चहा संपवू शकलो नाही.

भंडाऱ्यास शालेय खो-खोच्या जिल्हा स्पर्धा होत्या. कागदोपत्री चौदा वर्षे पूर्ण झाल्यामुळे ती मोठ्या, म्हणजे सतरा वर्षांखालील गटात होती. "यंदा जिल्ह्याच्या चमूत नाव आलं नाही, त खो-खो सोडून देतो," असे तिने आपल्या आईस निक्षून सांगितले होते. मी तिचा खेळ कधी पाहिला नव्हता. त्या दिवशी टेबल बंद ठेवले आणि मोटारसायकलीवर तिला घेऊन गेलो.

मैदानावर मी प्रथम खेळाची रचना समजून घेतली. आठ मुली एका ओळीत, एकीआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून उकिडव्या बसतात. नववी पळणाऱ्यांचा पाठलाग करते. सर्वांत आश्चर्य मला एका नियमाचे वाटले. पाठलाग करणारीने एकदा दिशा घेतली की, समोरच्या खांबापर्यंत तिला मागे फिरता येत नाही. पळणारीला मात्र सर्व दिशा मोकळ्या. असा नियम कोणी व का केला असावा, याचा विचार करीत मी दोरीपाशीच उभा राहिलो.

माझी कन्या पळणाऱ्यांच्या अखेरच्या तुकडीत उतरली. पाठलागावर असलेली मुलगी इतकी उंच होती की, ती माझ्या कन्येची मोठी बहीण शोभली असती. कन्या पळत नव्हतीच म्हणा ना. ती उभी राहायची, पाहायची, आणि शेवटच्या क्षणी बसलेल्या दोन मुलींमधून अशी निसटायची की, उंच मुलगी वाऱ्यावर हात मारून पुढे जायची. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "कोनाची पोरगी आहे बाप्पा? उंदरावानी निसटून राहिली!"

"माझी," मी म्हणालो. उंदीर हा शब्द मला एरवी खपला नसता.

ती बराच वेळ टिकली. मग उंच मुलीने सारे अंग झोकून दिले. तिचा हात लांब होता. एक वीत जरी कमी असता तर हुकला असता. तो माझ्या कन्येच्या पाठीला लागला.

दुपारी जिल्ह्याच्या चमूची नावे वाचली गेली. तिचे नाव त्यात नव्हते. तिच्या शाळेच्या क्रीडाशिक्षिका माझ्याजवळ आल्या आणि तिच्यादेखतच म्हणाल्या, "चपळ आहे जी पोरगी, पण हात-पाय कमी पडते. वयाच्या मानानं वाढ नाही. एकदा डॉक्टरले दाखवून द्या."

कन्येने मान खाली घातली. मी, जो इतरांच्या तोंडचे शब्द कागदावर उतरवून पोट भरतो, खिशात मोटारसायकलची किल्ली शोधू लागलो.

परतताना वरठीच्या अलीकडे चहाच्या टपरीवर थांबलो. तिने भज्याला हात लावला नाही. विषय टाळावा म्हणून मी विचारले, "ती उंच पोरगी तुह्याकडं येताना तू काय पाहत होतीस? हात?"

"हात नाही, बाबा. खांद्याकडं पाहा लागते. खांदा वळला का समजाचं, आता तिले परतता येत नाही." मग, "बाबा, डॉक्टर कायले? मले काही झालं का?"

तेव्हा मी सांगितले. ती अड्याळकडे, माझ्या सासुरवाडीस घरीच जन्मली. नोंद तेव्हा झाली नाही. पुढे उशिराच्या नोंदीचा अर्ज मीच लिहिला. पाच वर्षांची असताना ती दुकानांच्या पाट्या वाचीत असे आणि शाळा तर सहा पूर्ण मागत होती. माझे स्वतःचे शिक्षण अर्धवट राहिलेले. तिचे एक वर्ष वाया जाणे मला सहन होईना. तारीख खरी ठेवली. साल एकाने मागे नेले.

तिने भज्यांची बशी बाजूला सरकवली. "म्हणजे मी आता तेराचीच?"

"हो."

"मंग मी बुटकी नाहीच!" ती ओरडली; टपरीवाला वळून पाहू लागला. मग तिने बोटांवर हिशेब केला, आणि तिचा चेहरा बदलला. "मी तर लहान गटात खेळाले पायजे होतं. काहून केलं जी असं, बाबा?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती माझ्या टेबलासमोर, अर्जदाराच्या स्टुलावर येऊन बसली. जन्मतारीख दुरुस्तीचे अर्ज मी शेकड्यांनी लिहिले असतील. त्यात कारणाच्या जागी माझ्या लेखणीतून एकच शब्द उतरत आला आहे. अर्ज पूर्ण झाल्यावर प्रघाताप्रमाणे मी तो अर्जदारास मोठ्याने वाचून दाखविला: "…सदर नोंदीत जन्माचे वर्ष नजरचुकीने..."

"थांबा," ती म्हणाली. "नजर चुकली होती का?"

शेजारच्या टेबलावरचा अर्जनवीस हसला. "लिहू दे ना बाई! सारेच तसं लिहिते. खरं लिहिलं त साहेब अर्ज फेकून देईन, अन् तुह्या बापालेच धरतीन."

मी तिला तेच समजावून सांगू शकलो असतो, आणि याहून चांगल्या भाषेत. पण ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत नव्हती. तिची नजर माझ्या उजव्या खांद्यावर होती.

मी नवा कागद घेतला. "अर्जदाराच्या वडिलांनी, म्हणजे खाली सही करणाऱ्याने, स्वतःच्या हौसेपोटी, जाणूनबुजून," असे लिहिले, आणि वाचून दाखविले.

"मान्य आहे का?" मी प्रघाताप्रमाणे विचारले.

"मान्य आहे," ती म्हणाली, आणि सहीसाठी पेन माझ्याकडे सरकवले.

अर्ज दाखल आहे. निकाल काय लागेल, हे मला सांगता येत नाही. बावीस वर्षांत प्रथमच. पाइपाला मात्र ती अजूनही रोज लोंबकळते.