शेळीचं नाव सांगा

नांदूरघाटजवळच्या आमच्या प्राथमिक शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर मी एकदा सूचना टाकली: मुलांना न्यायला रोजच्या माणसाऐवजी दुसरं कुणी येणार असेल, तर घरात एक खुणेचा शब्द ठरवा. तो सांगितल्याशिवाय मूल कुणाबरोबर जाणार नाही. वर्गातही मी हे मुलांकडून घोकून घेतलं.

दोनच दिवसांनी दुसरीतल्या एका मुलीला न्यायला आईऐवजी तिचे आजोबा आले. शेळ्या राखणारे, गावात सगळ्यांच्या ओळखीचे. पोरगी दप्तर छातीशी धरून फाटकाच्या आत उभी राहिली.

"शब्द सांगा," ती म्हणाली.

"अगं, मी तुझा आजा हाय."

"बाईंनी सांगितलंय."

आजोबांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांना चांगली ओळखत होते, पण नियम माझाच होता. तिच्या आईला फोन लावला, तर ती उचलेना. शेवटी पोरीलाच दया आली. "आपल्या एका शेळीचं नाव हाय," ती म्हणाली.

आजोबांकडं चाळीस शेळ्या. त्यांनी डोळे मिटले आणि कळप समोरून चालल्यासारखी नावं घ्यायला लागले. कबरी, मोरी, चांदी, लंगडी. सगळी शाळा फाटकाशी जमली. पोरगी प्रत्येक नावाला नाही म्हणत होती. बऱ्याच वेळानं "बुची" आली आणि तिनं आजोबांचं बोट धरलं.

जाताना आजोबा म्हणाले, "बाई, आता ह्यो शब्द समद्या शाळंला कळला की."

संध्याकाळी मी ग्रुपवर आणखी एक सूचना टाकली: ठरवलेला शब्द आजोबांनाही सांगून ठेवा.